खोडलेला पाढा

भावाची मुलगी पाणी प्यायला उठून गेली आणि मी तिची गणिताची वही सहज हातात घेतली. साताऱ्याला गेले होते, दुपारची वेळ, बाहेर पावसाची झड लागलेली. ती खिडकीशी पालथी पडून घरचा अभ्यास करत होती. चौथीची वही, भागाकाराचं पान. ८४ भागिले ६, ९१ भागिले ७, ९६ भागिले ८. आदल्या दिवशीच्या सगळ्या उत्तरांवर लाल शाईत बरोबरच्या खुणा आणि खाली ‘छान’. पान उलटताना खिडकीतला उजेड त्यावर तिरका पडला आणि प्रत्येक उदाहरणाच्या उजव्या अंगाला काहीतरी खोडलेलं दिसलं. पेन्सिल दाबून लिहिलं की खोडल्यावरही कागदावर वळ राहतात. वही डोळ्यांजवळ धरून वाचलं तर ६, १२, १८, २४, अशी उभी रांग पार ६० पर्यंत. पुढच्या उदाहरणाशेजारी सातांची रांग, त्याच्यापुढे आठांची. दर उदाहरणाला तिने अख्खा पाढा एकाखाली एक मांडला होता, हवा तो आकडा त्यातून उचलला होता आणि मग सगळी रांग खोडून टाकली होती. वहीच्या शिवणीत खोडरबराचे काळपट कण अडकून बसले होते. ती परत आली तेव्हा मी विचारलं, “हे का गं खोडलंस?” तिने वही माझ्या हातातून हळूच काढून घेतली. म्हणाली, “लिहायचे नसतात आत्या. पाठ पाहिजेत.”

उत्तरं बरोबर होती, म्हणून कुणालाच काही दिसलं नव्हतं.

पुण्याला परतताना एसटीत माझ्या डोळ्यांसमोर ती खोडलेली रांगच होती. वहिनी नेहमी सांगते, “हळू करते, पण चुकत नाही.” आठ उदाहरणांना तास लागतो, त्या तासात मूल कंटाळतं, उठतं, पेन्सिलीला टोक करतं, पुन्हा बसतं, आणि घरातले म्हणतात तिचं लक्ष नाही. मला वाटतं लक्ष होतं. उलट जरुरीपेक्षा जास्त होतं, फक्त ते सगळं कडेच्या रांगेत खर्च होत होतं. भागाकाराच्या एका उदाहरणात किती कामं असतात बघा: किती वेळा जातं ते ठरवा, गुणा, खाली मांडा, वजा करा, पुढचा अंक उतरवून घ्या, पुन्हा पहिल्यापासून. यातलं ‘सात त्रिक एकवीस’ आपसूक आलं तर बाकीच्या पायऱ्यांवर मन राहतं. तेच एकवीस दर वेळी शून्यापासून चढून गाठायचं असेल, तर वर पोहोचेपर्यंत आपण इथे कशासाठी आलो होतो हेच मूल विसरतं. ‘असर’ या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ३०.७ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. असले आकडे आपण वर्तमानपत्रात वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. त्या दिवसापासून मात्र मला त्या आकड्यामागे असंख्य वह्या दिसतात, कडेला काहीतरी लिहून पुसून टाकलेल्या. आणि उत्तर बरोबर आलेल्यांतही असा कडेचा पाढा किती जणांनी मांडला असेल, ते कुठल्याच आकड्यात येत नाही.

आमच्या घरी परवचा होता. दिवेलागण झाली की हातपाय धुवायचे, देवापुढे दिवा, शुभंकरोति, आणि मग आम्ही चुलत-सख्खी भावंडं ओळीने मांडी घालून बसायचो. तेलाच्या वातीचा वास, मागीलदारी भांडी घासल्याचा आवाज, आणि आमचं एका सुरातलं ‘बे एके बे, बे दुणे चार’. पुढे-मागे झुलत म्हणायचं, दाहेला आवाज चढवायचा. फार सुंदर वेळ होती ती, आजही कुठे घरात सांजवात लागली की माझ्या तोंडात आपोआप ‘तेर एके तेर’ येतं. पण तेव्हाही मला कळत होतं की त्या सुरात लपता येतं. माझ्याहून लहान चुलतभाऊ ओठ हलवायचा आणि फक्त शेवटचा आकडा मोठ्याने म्हणायचा. सगळ्यांच्या आवाजावर तो वर्षभर तरून गेला. एकदा नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला एकट्याला, उलटसुलट, ‘आठ सक?’ असं विचारलं तेव्हा तो उभाच राहिला, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. पाढा त्याच्या कानात होता, पण मधूनच उचलून हातात घेता येईल असा नव्हता. सुरातला पाढा मधून सुरू होत नाही, त्याला एकेपासूनच निघावं लागतं. भाचीची कडेची रांग म्हणजे तोच सूर, कागदावर उभा मांडलेला.

नानांचा परवचा याहून कितीतरी मोठा. त्यांच्या शाळेत तिसापर्यंतच्या पाढ्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी होती, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. त्याचं कारण रोजच्या बाजारात होतं. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. वजनात शेर, अदपाव, पावशेर. सव्वादोन आणे शेराने साडेतीन शेर घेतलं तर किती, हे गिऱ्हाइकालाही आणि दुकानदारालाही उभ्या उभ्या यायला हवं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, पाठोपाठ किलो आणि लिटर आले, आणि बहुतेकांपुरतं त्या पाढ्यांचं रोजचं काम संपलं. नाना पुढे पेठेतल्या आमच्या किराणा दुकानात बसले आणि त्यांच्या जिभेवर ते सगळे पाढे टिकले, कारण दिवसातून कित्येकदा ते वापरले जात. मला हे महत्त्वाचं वाटतं. त्या पिढीचं गणित पक्कं होतं असं आपण कौतुकाने म्हणतो तेव्हा संध्याकाळचा परवचा आठवतो, पण दुसऱ्या दिवशी त्याच पाढ्याने तूरडाळ मोजली जात होती, ते आठवत नाही.

पुण्यात बसून मी काय करू शकत होते? फोन.

साडेसातच्या सुमाराला फोन करायचा, दहा मिनिटं बोलायचं, चित्र बंद ठेवून, नुसता आवाज. वही नाही, पेन्सिल नाही. वहिनीला सुरुवातीला ते फारसं पटलं नव्हतं, “दहा मिनिटांत काय होणार ताई, त्यापेक्षा रविवारी दोन तास घ्या.” बरोबर उलटं मला हवं होतं. १८८५ साली हर्मन एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने अर्थहीन अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ करून आपण किती लवकर विसरतो याची मोजणी प्रसिद्ध केली. एकाच बैठकीत पुन्हा पुन्हा घोकण्यापेक्षा तीच उजळणी काही दिवसांत विखुरली तर कमी वेळात काम होतं, हेही त्याला तेव्हाच दिसलं होतं. जपानमध्ये तोरू कुमोन या गणिताच्या शिक्षकाने १९५४ मध्ये दुसरीतल्या आपल्या मुलासाठी रोज थोडी थोडी गणितं हाताने लिहून द्यायला सुरुवात केली, त्यातून पुढे शिकवणी वर्गांचं केवढं मोठं जाळं उभं राहिलं. मला त्या गोष्टीतला बाप आवडतो, रोज रात्री कागद घेऊन उद्याची गणितं लिहिणारा.

पण विचारायचं काय? मी आधी कागदावर हिशेब मांडून पाहिला. दहापर्यंतचे पाढे म्हणजे शंभर गुणाकार. मुलाला शंभर ऐकूनच दडपण येतं. त्यातले एक, दोन, पाच आणि दहाचे काढा, ते जवळजवळ सगळ्यांना येतात. मग उरतात तीन, चार, सहा, सात, आठ, नऊ यांचे आपसातले. सहा साती आणि सात सक एकच, असे जोड लावले की शिल्लक राहतात फक्त एकवीस. एकवीस! मी तिला हे फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता, मग ती म्हणाली, “मला त्यातले बरेच येतात, तीन त्रिक येतं, चार चोक येतं.” ती मोजत बसली आणि शेवटी तिनेच ठरवलं की तिला खरोखर अडतात ते पाच-सहाच आहेत. भीतीचा आकार तिने स्वतः मोजला, मी काही केलं नाही. घरोघरी भिंतीवर पाढ्यांचे तक्ते लागलेले असतात, रंगीत, तिसापर्यंत. त्यांत आपल्याला काय येतं आणि काय नाही, हे मुलाला कधीच दिसत नाही.

नुसत्या आवाजावर सराव घेतला की एक गोष्ट कळते जी समोर बसून कळली नसती. थांबण्याची लांबी ऐकू येते. ‘सहा पंचे?’ म्हटलं की ‘तीस’ प्रश्नाला चिकटून यायचं. ‘सहा चोक?’ला एक श्वास. ‘सात आठी?’ म्हटलं की पलीकडे कुकरची शिट्टी, खाली रस्त्यावरून जाणारी रिक्षा, नानांचा खोकला, आणि या सगळ्याच्या खाली अगदी बारीक कुजबुज, ‘सात, चौदा, एकवीस...’ ती रांग आता तोंडात आली होती. मी काही बोलायचे नाही. एका संध्याकाळी कुजबुज ऐकू आली नाही आणि ती मोठ्याने म्हणाली, “सात साती एकोणपन्नास. आणि अजून एक सात. छप्पन्न.” एकोणपन्नास तिला आवडतो, तो पक्का होता, त्याच्यावरून तिने स्वतःची पायवाट काढली. दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, दुसरी वाट आहे का? आम्ही दोघींनी मिळून शोधली: पाच आठी चाळीस, दोन आठी सोळा, चाळीस नि सोळा छप्पन्न. पाठ करावं की समजून घ्यावं हा वाद मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे आणि त्यातल्या दोन्ही बाजू मला अपुऱ्या वाटतात. काही आठवडे ती एकोणपन्नासवरून जात राहिली. मग थांबणं आखूड होत गेलं. आणि मग एक दिवस ‘सात आठी?’ला ‘छप्पन्न’ असं आलं, मध्ये काही नाही. तिला ते कळलंही नाही, ती पुढच्या प्रश्नाची वाट पाहत होती. मला मात्र ते स्पष्ट ऐकू आलं होतं, एक वाट वापरून वापरून नाहीशी झाली होती. समजल्याशिवाय ती वाट तिला सापडली नसती, आणि रोज त्यावरून चालल्याशिवाय ती नाहीशीही झाली नसती.

आवाजावरच्या सरावात आणखी एक अडथळा कळला. कधी कधी उत्तर येत असतं, नाव येत नसतं. चोपन्न आणि छप्पन्न, अडुसष्ट आणि अठ्ठ्याहत्तर, एकोणसाठ आणि एकोणसत्तर. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ छापलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, समाजमाध्यमांवर नुसती टिंगल. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर तेव्हा शांतपणे सांगत होत्या की लहान मुलं या नावांवर, जोडाक्षरांवर अडखळतात. मला तेव्हाही त्यांचं म्हणणं रास्त वाटलं होतं, आता तर रोज कानांनी ऐकते आहे. एकवीस, बावीस मलाही सोडायचे नाहीत, ते मला प्रिय आहेत. पण ‘नऊ सक?’ला ती ‘छप्पन्न’ म्हणाली की मी विचारते, “पन्नास आणि किती?” ती म्हणते, “चार.” म्हणजे गणित बरोबर होतं.

रोज दहा-बाराच प्रश्न. काल अडलेला आज पुन्हा, मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने. उलटेही: छप्पन्नमध्ये आठ किती वेळा? चुकलं तर ‘चूक’ म्हणायचं नाही, उत्तर सांगून पुढे जायचं आणि तीन-चार प्रश्नांनी तोच परत विचारायचा. घड्याळ लावायचं नाही, यावर मी ठाम आहे. हल्ली मुलांपुढे सेकंदकाटा ठेवून गणितं करून घेतात, त्याने वेग येत असेलही, पण ज्याला वेळ लागतो त्या मुलाला पहिल्या चार सेकंदांत आपण हरलो हेच शिकायला मिळतं.

यात सगळ्यात अवघड आहे ते थांबणं. दहा मिनिटं होतात, ती रंगात आलेली असते, “आत्या, अजून विचार ना.” आणि माझ्याही मनात हाव उठते: आज जमतंय तर नवाचा पाढा पण उरकून टाकू, पंधराचा सुरू करू. मोठ्या माणसांची ही हाव मी फार पाहिली आहे. मूल एक पोळी आवडीने खातंय म्हटल्यावर दुसरी ताटात पडतेच. पण हाव पुरी करायची म्हटलं की विसावं मिनिट येतं, तिचा आवाज उतरतो, उत्तरं चुकायला लागतात, आणि उद्या फोन वाजला की तिच्या पोटात गोळा येणार असतो. म्हणून ती ‘अजून’ म्हणत असतानाच मी थांबते. उद्या तिने फोनपाशी स्वतःहून यावं, एवढ्यासाठी ती शिल्लक ठेवायची. कधी तिचं पोट दुखत असतं, कधी मैत्रिणीशी भांडण झालेलं असतं, तेव्हा दोनच प्रश्न विचारते आणि बाकीची आठ मिनिटं भांडणाची.

दिवाळीत मी गेले तेव्हा घरी पाहुणे होते. फराळाची ताटं फिरत होती आणि भाऊ कौतुकाने म्हणाला, “विचारा हिला कुठलाही पाढा!” कुणीतरी विचारलं, “सतरा नवे?” सतरा आम्ही कधी घेतलाच नव्हता. ती चकली हातात धरून उभी, सगळ्यांचे चेहरे तिच्याकडे. मला वाटलं आता संपलं, महिन्यांची मेहनत या एका प्रश्नावर वाहून जाणार. ती म्हणाली, “सतरा दाहे एकशे सत्तर. त्यातून सतरा काढायचे.” आणि जरा थांबून, “एकशे त्रेपन्न.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला आनंद झालाच, अगदी गळ्याशी आला, पण रागही आला, आणि तो अजून गेलेला नाही. जे आमच्या दोघींत होतं, चुकायला मोकळं होतं, ते दिवाणखान्यात मांडलं गेलं. भावाला मी स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं की हे पुन्हा करू नकोस. त्याला ते कितपत पटलं कोण जाणे. बापाचं कौतुक होतं ते, त्यात वाईट काही नव्हतं.

अलीकडे मी निम्मे प्रश्न बाजारातले विचारते. २०२५ च्या सुरुवातीला अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो हे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात आला. कोलकात्याच्या आणि दिल्लीच्या बाजारांत भाजी, फळं विकणारी मुलं गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशेब तोंडी, अचूक करतात, पण तितकंच किंवा त्याहून सोपं गणित शाळेच्या पद्धतीने कागदावर दिलं की अडतात. आणि नुसती शाळेत जाणारी मुलं बाजाराच्या हिशेबाला अडतात. ते वाचल्यावर मला नानांची तूरडाळ आठवली. आता मी विचारते: मेथीची जुडी पंधराला, तीन घेतल्या, शंभराची नोट दिली, परत किती? ती म्हणते, “आमच्या मंडईत पंधराला मिळत नाही.” मग तीच भाव ठरवते, आणि शनिवारी वहिनीबरोबर मंडईत जाऊन तो खरा आहे का ते पाहून येते. कडेची रांग अजून कधी कधी वहीत दिसते, असं वहिनी सांगते, विशेषतः परीक्षेच्या आसपास. आता मात्र ती खोडत नाही. मी वहिनीला म्हटलं, राहू दे, कामाची आहे तोवर असू दे.

शाळेत आता अपूर्णांक आलेत आणि त्यामुळे नाना जागे झालेत. इतके महिने ते पलंगावर पडून आमचे प्रश्न नुसते ऐकत होते. परवा फोन चालू असताना मध्येच त्यांचा आवाज आला, “बाराचं पाऊण किती, विचार तिला.” तिने बाराचं निम्मं सहा केलं, त्याचं निम्मं तीन, दोन्ही मिळवून नऊ सांगितले. नाना म्हणाले, “बार पाऊण नऊ. एवढं चालत जायची गरज नाही.” मग तिनेच त्यांना विचारलं, “आजोबा, सोळाचं?” आणि त्यांच्या ‘बारा’ला क्षणाचाही वेळ लागला नाही. ती थक्क. आता ठरलंय की आठवड्यातले तीन दिवस आजोबांचे, पावकीपासून सुरुवात, पाऊणकी आणि दिडकी जमेल तशी. वेळेवरून मात्र आमचं एकमत झालेलं नाही. नानांना वीस मिनिटं हवी आहेत, मी दहावर अडून बसले आहे.